नव्वद दिवसांची शिदोरी

घड्याळ मागे पडायला लागलं की आपण ते घड्याळजीकडे नेतो. 2004 साल उजाडायच्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या एका घड्याळजीकडे मात्र उलटी मागणी घेऊन गिऱ्हाइकं आली. त्यांना रोज सुमारे 39 मिनिटं मागे पडणारं मनगटी घड्याळ हवं होतं, आणि तेही अगदी नेमानं मागे पडणारं. त्या कारागिरानं घड्याळाच्या आतल्या चक्राला शिशाचे बारीक तुकडे जोडून त्याची गती मंदावली. गिऱ्हाइकं होती पसाडेनाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतली, म्हणजे 'नासा'साठी ग्रहयानं बांधणारी आणि चालवणारी माणसं. मंगळावर एका माध्यान्हीपासून दुसऱ्या माध्यान्हीपर्यंत 24 तास 39 मिनिटं 35 सेकंद जातात. या मंगळदिवसाला ती मंडळी 'सोल' म्हणतात. पुढचे तीन महिने त्यांना सोलच्या हिशेबानं जगायचं होतं. आज सकाळी आठला कामावर यायचं, तर अठरा दिवसांनी रात्री आठला. बाहेरचं ऊन पाहून शरीर गोंधळू नये म्हणून खोल्यांच्या खिडक्यांना काळे पडदे लावले होते.

मंगळावर गाडी पाठवायची म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे रॉकेटचा लोळ येतो आणि तांबड्या मातीवरची चाकं येतात. घड्याळजी आणि पडदे येत नाहीत. मला स्वतःला या मोहिमांमध्ये सगळ्यात मोह पडतो तो या मधल्या तजविजीचा. ती नीट पाहायची तर 'स्पिरिट' आणि 'ऑपॉर्च्युनिटी' या जोडीइतकं चांगलं उदाहरण सापडणार नाही. दोघांनाही 90 सोलांचं काम नेमून दिलं होतं आणि एकूण 600 मीटर चालण्याची अपेक्षा होती. स्पिरिटनं सहा वर्षं काढली आणि पावणेआठ किलोमीटर अंतर कापलं. ऑपॉर्च्युनिटी चौदा वर्षं चालला आणि 45 किलोमीटरच्या पुढे गेला. यात नशिबाचा वाटा आहे, तो पुढे येईलच. पण 90 दिवसांची शिदोरी ज्यांनी बांधली त्यांनी ती कशी बांधली, हे त्याहून महत्त्वाचं आहे.

सुरुवात तारखेपासून होते, कारण ती माणसाच्या हातात नसते. पृथ्वी आणि मंगळ सूर्याभोवती आपापल्या वेगानं फिरतात. कमीत कमी इंधनात एकावरून दुसऱ्याकडे जाता येईल अशी त्यांची मांडणी साधारण 26 महिन्यांतून एकदा जमते आणि काही आठवडेच टिकते. ती वेळ हुकली की पुढच्या 26 महिन्यांची वाट पाहायची, माणसांचे पगार चालू ठेवायचे आणि तयार यान सांभाळत बसायचं. पूल बांधायला उशीर झाला तर उद्घाटन पुढे ढकलता येतं. इथे उद्घाटनाचा मुहूर्त केप्लरच्या नियमांनी काढलेला असतो.

या जोडीचा मुहूर्त 2003 च्या उन्हाळ्याचा होता. त्या ऑगस्टमध्ये मंगळ जवळजवळ साठ हजार वर्षांत आला नव्हता इतका पृथ्वीजवळ आला होता. गच्चीवरून तो तांबडा, ठसठशीत ठिपका पाहिल्याचं अनेकांना आठवत असेल. पण मोहीम मंजूर झाली 2000 च्या मध्याला, म्हणजे हातात पुरती तीन वर्षंही नव्हती. आणि त्याआधीचं 1999 हे वर्ष फार वाईट गेलं होतं. मंगळाभोवती फिरायला निघालेलं मार्स क्लायमेट ऑर्बिटर सप्टेंबरात नष्ट झालं. एका गटानं इंजिनाच्या रेट्याचे आकडे पौंडांत दिले होते आणि दुसऱ्यानं ते न्यूटनमध्ये असल्याचं धरून चाललं होतं. डिसेंबरात मार्स पोलर लँडर उतरताना गप्प झालं. सगळ्यात संभवनीय कारण असं निघालं की उतरण्याचे पाय उघडताना बसलेला हिसका यानाच्या संगणकाला जमीन लागल्याचा इशारा वाटला, आणि त्यानं सुमारे 40 मीटर उंचीवरच इंजिनं बंद केली. दोन्ही चुका आकाशात घडल्या, पण त्यांची मुळं कागदावर होती.

म्हणून 2000 मध्ये नवं काही शोधण्याऐवजी जुनं, चाललेलं हाताशी धरायचं ठरलं. 1997 साली मार्स पाथफाइंडर हवेनं फुगलेल्या पिशव्यांमध्ये गुंडाळून मंगळावर आदळवलं होतं, आणि त्यातून साडेदहा किलोचा छोटा 'सोजर्नर' सुखरूप बाहेर आला होता. तीच उतरण्याची रीत वापरून त्यात एक मोठा रोव्हर बसवावा, अशी कल्पना लॅबोरेटरीतल्या मार्क ॲडलर या अभियंत्यानं मांडली. कॉर्नेल विद्यापीठाचे स्टीव्ह स्क्वायर्स कित्येक वर्षं उपकरणांच्या प्रस्तावांवर नकार पचवत बसले होते. त्यांचा संच त्या रोव्हरवर चढवायचा ठरला. मग नासाचे तेव्हाचे प्रमुख डॅन गोल्डिन यांनी विचारलं, दोन बांधता येतील का? एकाच नमुन्याचे दोन बांधायला दुप्पट खर्च येत नाही, आणि एक बुडाला तरी दुसरा उरतो. दोन रोव्हर आणि 90 सोलांचं काम मिळून खर्च सुमारे 80 कोटी डॉलरच्या घरात गेला. मला हा निर्णय सगळ्या मोहिमेतला सर्वात शहाणा वाटतो. त्यात अपयशाची शक्यता उघडपणे मान्य केलेली होती आणि तिच्यासाठी जागा ठेवलेली होती.

आता कुठे उतरायचं? हा प्रश्न भूवैज्ञानिकांना विचारला तर ते म्हणतील, कडे, दऱ्या, उभे थर दिसतील तिथे. अभियंत्यांना विचारला तर सपाट, मोकळ्या माळावर. दोघांचं खरं असतं. पॅराशूटला वेग मारायला पुरेशी हवा लागते आणि मंगळाची हवा आपल्या हवेच्या एक टक्क्याहूनही विरळ. म्हणजे जागा सखल हवी, जेणेकरून तिच्यावर हवेचा थर जाड असेल. रोव्हर सूर्यावर चालणार, म्हणजे विषुववृत्ताच्या आसपास हवी. टोकदार दगड पिशव्या फाडतील, म्हणून दगड कमी हवेत. धूळ फार खोल नको, नाहीतर चाकं रुततील. आणि नेमकं एका बिंदूवर उतरता येत नाही. कोट्यवधी किलोमीटरवरून मारलेला नेम सुमारे 80 किलोमीटर लांब आणि डझनभर किलोमीटर रुंद अशा लंबवर्तुळात कुठेतरी पडणार, इतकीच खात्री देता येत होती. त्या अख्ख्या लंबवर्तुळात एकही घातक जागा नको. दीडशेहून अधिक जागा नकाशावर मांडून, वर्षानुवर्षं बैठका घेऊन त्यातल्या दोन उरल्या.

एक होती मेरिडियानी प्लॅनम. मंगळाभोवती फिरणाऱ्या मार्स ग्लोबल सर्व्हेयर यानाला तिथे हेमॅटाइट हे लोहखनिज दिसलं होतं, आणि ते पुष्कळदा पाण्याच्या संगतीत तयार होतं. दुसरी होती गुसेव्ह विवर, 160 किलोमीटरहून जास्त रुंद. दक्षिणेकडून एक लांबलचक कोरडी दरी येऊन त्याच्या काठाला फुटलेली दिसते. कधीकाळी त्या दरीतून पाणी येऊन विवरात तळं साचलं असणार, म्हणजे तळ्याचा गाळ मिळणार, हा तर्क सुंदर होता. तो पहिल्या काही आठवड्यांतच कोसळला. स्पिरिटला त्या माळावर गाळाऐवजी बेसॉल्ट मिळाला, लाव्हा थिजून झालेला काळा दगड. सह्याद्रीच्या कड्यांचा आणि आपल्या पाट्या-वरवंट्याचा दगड जातीनं तोच. म्हणूनच बुलढाणा जिल्ह्यातलं लोणारचं विवर मंगळाच्या अभ्यासकांना मोलाचं वाटतं. बेसॉल्टच्या खडकात उल्का आदळून झालेली, नीट टिकलेली विवरं पृथ्वीवर फारच थोडी आहेत, आणि मंगळ तर अशा विवरांनी भरला आहे.

मग गाडी. आपल्याला वाटतं, आधी गाडी ठरते आणि तिच्या मापाचं खोकं बांधतात. इथे उलट होतं. उतरण्याची रीत पाथफाइंडरची घ्यायची, म्हणजे खोकंही त्याचंच, चार त्रिकोणी पाकळ्या मिटून झालेलं. त्या खोक्यात सुमारे 180 किलोचा, दीड मीटर उंच मान असलेला, सहा चाकांचा रोव्हर बसवायचा होता. तो उभा मावणारच नव्हता. त्याची चाकं आत ओढली, सौरपट्टे पंखांसारखे मिटले, मान आडवी केली. मंगळावर पोचल्यावर हे सगळं एकेक करून उलगडायचं, आणि प्रत्येक बिजागरी म्हणजे अडकायची एक नवी जागा. त्यात वजन वाढत गेलं, पाथफाइंडरचं पॅराशूट त्याला पुरेना. 2002 मध्ये नवी पॅराशूटं चाचणीत फाटली. पिशव्यांची ओहायोतल्या एका प्रचंड निर्वात दालनात खडकांवर आपटून परीक्षा घेतली, त्याही फाटल्या. प्रक्षेपणाला वर्षभर उरलेलं असताना शिलाई पुन्हा करायची, कापडाचे थर वाढवायचे आणि वाढलेल्या थरांचं वजन दुसरीकडून कमी करायचं.

काय न्यायचं याची यादी हा तर रोजचाच झगडा असतो. एका उपकरणाला हो म्हटलं की दुसऱ्याच्या वाट्याची वीज जाते. या रोव्हरांना सुरुवातीला दिवसाला साधारण 900 वॉट-तास वीज मिळणार होती, म्हणजे घरातला 100 वॉटचा दिवा नऊ तास चालेल एवढी. त्यातूनच चाकं फिरवायची, फोटो काढायचे, पृथ्वीशी बोलायचं आणि रात्री मशीन गोठू नये म्हणून ऊब द्यायची. मंगळावरच्या रात्रीचा गारठा शून्याखाली नव्वद अंशांच्या पलीकडे जातो. संगणक आणि बॅटरी एका सोनेरी मुलाम्याच्या पेटीत ठेवल्या, पेटीला एरोजेल नावाच्या, जवळजवळ हवेइतक्या हलक्या पदार्थाचं अस्तर दिलं आणि आत किरणोत्सारी द्रव्याच्या आठ गोळ्या ठेवल्या. प्रत्येक गोळी जेमतेम एक वॉट उष्णता देते, पण न थांबता, विजेशिवाय देते. संगणकाचा वेग 20 मेगाहर्ट्झ होता. 2003 साली कोणत्याही सायबर कॅफेतला संगणक त्याच्या कितीतरी पट वेगवान होता. पण अवकाशातले किरण झेलून शुद्धीवर राहील असा तो होता, म्हणून तोच निवडला.

हाताच्या टोकाला चार साधनं होती. त्यातलं एक जर्मनीतल्या माइन्झमध्ये बनलेलं मॉसबाउअर वर्णपटमापक, लोहाची खनिजं ओळखणारं. त्याच्यात कोबाल्टचा किरणोत्सारी तुकडा असतो आणि त्याचा जोर सुमारे 271 दिवसांत निम्मा होतो. नव्वद दिवसांसाठी तो भरपूर होता. वर्षं जात राहिली तसतसं जे मापन आधी काही तासांत व्हायचं त्याला दिवसच्या दिवस लागू लागले. दुसरं साधन म्हणजे दगडाचा पृष्ठभाग खरवडून आतला ताजा भाग उघडा करणारं. ते मॅनहॅटनमध्ये बनलं, 11 सप्टेंबर 2001 ला कोसळलेल्या जुळ्या मनोऱ्यांपासून थोड्याच अंतरावर. त्या मनोऱ्यांच्या ढिगाऱ्यातलं ॲल्युमिनियम घेऊन कारागिरांनी या साधनाच्या तारांवरचं झाकण घडवलं. दोन रोव्हरांवरचे ते दोन तुकडे आज मंगळावर आहेत. कोणत्याही योजनेच्या तक्त्यात अशा गोष्टीला रकाना नसतो, आणि तरी तिच्यासाठी कुणीतरी जागा काढली याचं मला फार बरं वाटतं.

निघण्याआधीची एक खबरदारी सहसा सांगितली जात नाही. मंगळावर जीव शोधायचे आणि आपणच इथले जंतू तिथे न्यायचे, असं होता कामा नये. 1967 च्या अवकाश करारानं परग्रहांना दूषित न करण्याचं बंधन देशांवर घातलं आहे. त्यावरून ठरलेल्या नियमानं अशा यानाच्या पृष्ठभागांवर मिळून तीन लाखांहून कमी जिवाणू-बीजाणू असावे लागतात. तीन लाख हा आकडा मोठा वाटतो, पण आपल्या तळहातावरच्या वस्तीपुढे तो काहीच नाही. भाग तापवले जातात, अल्कोहोलनं पुसले जातात. डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली माणसं पुन्हा पुन्हा बोळे फिरवून नमुने घेतात आणि ते वाढवून मोजतात.

स्पिरिट 10 जूनला निघाला, ऑपॉर्च्युनिटी 7 जुलैला. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी ब्रिटनचं 'बीगल 2' मंगळावर उतरलं आणि त्याच्याकडून एक शब्दही आला नाही. ते कुठे आहे हे 2015 मध्ये वरून काढलेल्या फोटोंत दिसलं. उतरलं होतं ते धड, पण पाकळ्यांसारखे सगळे सौरपट्टे उघडले नव्हते, आणि अँटेना त्यांच्याखाली झाकलेली होती. एका बिजागरीची किंमत ही अशी. 2004 च्या जानेवारीत पसाडेनाला हे कारण ठाऊक नव्हतं. एवढंच ठाऊक होतं की दहा दिवसांपूर्वी एक यान गप्प झालं आहे आणि आता आपली पाळी आहे.

वातावरणात शिरल्यापासून जमीन लागेपर्यंत सहा मिनिटं. स्पिरिट उतरला त्या दिवशी मंगळाहून संदेश यायला साडेनऊ मिनिटं लागत होती. म्हणजे यान वातावरणात शिरल्याची वार्ता पृथ्वीवर येईपर्यंत ते एकतर मातीत बसलेलं असणार किंवा तुकडे झालेलं असणार. या सहा मिनिटांत माणूस काहीही करू शकत नाही, जे करायचं ते आधीच लिहून ठेवलेलं असतं. चंद्रावर तसं नसतं, तिथे संदेशाला सव्वा सेकंद लागतो. 1970 मध्ये सोव्हिएत चालकांनी पृथ्वीवर बसून 'लुनोखोद' हाकला, आणि 2023 च्या ऑगस्टमध्ये आपला 26 किलोचा 'प्रज्ञान' चंद्राच्या दक्षिण भागात शंभरेक मीटर फिरला. प्रज्ञानच्या वाटेत खड्डा आल्याचं कळल्यावर त्याला मागे फिरायला सांगता आलं. मंगळावर खड्डा कळेपर्यंत गाडी खड्ड्यात गेलेली असते.

चेंडूसारखं उसळत, गडगडत यान थांबलं. खोक्याचं तोंड कोणत्या बाजूला असेल हे कुणालाच सांगता येत नव्हतं, म्हणून कोणतीही पाकळी खाली आली तरी ती उघडताना यान स्वतःला उलटून सरळ करील अशी मोटरची ताकद ठेवली होती. आणि रोव्हरला उतरायला पुढे, डावीकडे, उजवीकडे अशा वाटा ठेवल्या होत्या. ते कामी आलं. स्पिरिटच्या नेमक्या पुढच्या वाटेवर एक पिशवी नीट न आक्रसता फुगून राहिली होती. ती ओढून पाहिली, हलेना. मग रोव्हर खोक्यावरच जागच्या जागी 120 अंश फिरला आणि दुसऱ्या बाजूनं उतरला. ऑपॉर्च्युनिटी तर गडगडत जाऊन 22 मीटर रुंदीच्या एका खळग्यात शिरला, आणि डोळे उघडल्यावर समोरच थरांचे खडक. त्या खडकांत वाटाण्याहून लहान, गोल, हेमॅटाइटचे मणी होते, पाणी खडकातून झिरपताना तयार झालेले. अभियंत्यांनी सपाट माळ निवडला आणि भूवैज्ञानिकांना त्यात कडा मिळाला.

इथून पुढे नियोजन रोजचं होतं. मंगळावर सूर्य कलला की रोव्हर दिवसाचा हिशेब वर पाठवून झोपतो. बहुतेक माहिती डोक्यावरून काही मिनिटांसाठी जाणाऱ्या मार्स ओडिसी यानामार्फत येते, आणि कॅलिफोर्निया, माद्रिद, कॅनबेरा इथल्या अजस्र तबकड्यांपैकी जी त्या वेळी मंगळाकडे तोंड करून असेल ती झेलते. रोव्हर झोपलेला असताना माणसं कामाला लागतात. आधी तब्येत पाहायची: बॅटरी किती भरली, कुठली मोटर गरम झाली, काल सांगितलेलं किती झालं. मग शास्त्रज्ञांची बैठक. एक म्हणतो त्या दगडाला हात लावू, दुसरा म्हणतो वेळ न दवडता पुढे चला, तिसऱ्याला आकाशाचे फोटो हवे असतात. वीज आणि वेळ यांचं माप ठरलेलं असतं, त्यात बसेल तेवढंच घ्यायचं. पुढे चालक मंडळी दोन डोळ्यांच्या फोटोंवरून बनवलेलं त्रिमित चित्र पाहत वाट आखतात, आज्ञांची मालिका लिहितात, संगणकात चालवून पाहतात. शंका असेल तर प्रयोगशाळेतल्या वाळूत तसल्याच दुसऱ्या रोव्हरवर करून पाहतात. मंगळावर सकाळ होते, आज्ञा रवाना होतात आणि ही माणसं घरी झोपायला जातात. त्यांची गाडी सेकंदाला जास्तीत जास्त पाच सेंटिमीटर चालते, आणि ती चालत असताना तिच्या चालकानं तिला कधीही पाहिलेलं नसतं. दिसते ती नंतर, तिच्या मागे उठलेल्या चाकोरीवरून.

या दिनक्रमाची तालीम दोन-अडीच वर्षं चालली होती. अमेरिकेच्या वाळवंटात एक रोव्हर सोडायचा, शास्त्रज्ञांना तो कुठे आहे हे सांगायचंच नाही आणि फक्त तो पाठवतो त्या फोटोंवरून तिथला भूगोल ओळखायला लावायचा.

तरी पहिला मोठा घाव तालमीत नसलेल्या जागी बसला. 21 जानेवारीला स्पिरिट गप्प झाला. मग कळलं की तो सुरू होतो, अडखळतो, पुन्हा सुरू होतो, आणि हे पुन्हा पुन्हा चाललंय. रात्री तो झोपतही नव्हता, बॅटरी उतरत चालली होती. सात महिन्यांच्या प्रवासात साठलेल्या फायली स्मृतीत पडून होत्या. त्यांची यादी वाचायलाच संगणकाला इतकी जागा लागत होती की तो कोलमडत होता. सुटका झाली ती एका जुन्या आज्ञेनं. कधी स्मृतीच बिघडली तर तिच्याशिवाय, लंगडत का होईना, सुरू होता यावं म्हणून कुणीतरी ती प्रोग्रॅममध्ये आधीच लिहून ठेवली होती. तशा अवस्थेत त्याला उठवलं, अडगळ काढली, स्मृती पुसून नव्यानं मांडली. ऑपॉर्च्युनिटीच्या खांद्याचा एक हीटर उतरल्यापासूनच चालू राहिला होता, रात्रभर फुकट वीज खात होता. बंद करायला बटण नव्हतं. शेवटी रोव्हरला रात्री बॅटरीपासूनच तोडायची युक्ती काढली, तिला 'गाढ झोप' म्हणायचे. त्यात एका नाजूक उपकरणाची ऊबही जात होती आणि ते दगावण्याचा धोका होता. तो पत्करला, कारण नाहीतर अख्खा रोव्हर गेला असता.

नव्वद हा आकडा मुख्यतः धुळीवरून आला होता. मंगळाची बारीक धूळ सौरपट्ट्यांवर रोज थोडी बसत जाईल आणि तीनेक महिन्यांत वीज अपुरी पडेल, असा अंदाज होता. धूळ बसलीही. पण मार्च 2005 मध्ये स्पिरिटची वीज एकदम वाढली. मूळ क्षमतेच्या 60 टक्क्यांवर घसरलेले पट्टे 93 टक्क्यांवर गेले. वाऱ्यानं ते झाडून काढले होते. हीच ती नशिबाची गोष्ट. वारा नशिबानं आला, पण त्या दिवशी झाडून घ्यायला रोव्हर जिवंत होता. सगळ्यात वाईट दिवस धरून प्रत्येक मोटर, प्रत्येक सांधा जास्तीचा बांधला होता, म्हणून तो जिवंत होता.

तोवर स्पिरिट गुसेव्हचा लाव्हाचा माळ ओलांडून दोन-अडीच किलोमीटर दूरच्या टेकड्यांपर्यंत पोचला होता, जे मूळ योजनेत अशक्य होतं. 'कोलंबिया' अवकाशयानात गेलेल्या सात जणांची नावं या टेकड्यांना दिली आहेत, त्यात कल्पना चावलांच्या नावाचीही एक आहे. मार्च 2006 मध्ये हिवाळा जवळ येत होता. गुसेव्ह दक्षिण गोलार्धात, तेव्हा सूर्य उत्तरेला झुकणार. रोव्हरला उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारावर नेऊन कलता उभा केला नाही, तर पट्ट्यांवर पुरेसं ऊन पडणार नव्हतं. आणि नेमकं तेव्हाच त्याचं उजवं पुढचं चाक कायमचं फिरायचं थांबलं. ठरवलेला चढ आता जमेना. जवळचा एक लहान उतार गाठून हिवाळा काढला.

त्यानंतर स्पिरिट उलटा चालू लागला. पाच चाकं फिरत, सहावं मागून नांगरासारखं फरफटत. चालकांनी उलट्या चालीचं गणित बसवलं, वळणं नव्यानं शिकली. 2007 मध्ये 'होम प्लेट' नावाच्या एका बुटक्या पठाराजवळून जाताना त्या फरफटणाऱ्या चाकानं तांबड्या मातीत एक चर पाडला आणि चरात पांढरीशुभ्र माती दिसली. उपकरणं लावून पाहिली तर ती जवळजवळ 90 टक्के सिलिका होती. अशी सिलिका पृथ्वीवर गरम झऱ्यांच्या आणि वाफेच्या तोंडांशी साठते. गुसेव्हला ज्याच्या शोधात पाठवलं होतं ते पाणी, गाळाच्या नव्हे तर वाफाळत्या झऱ्याच्या रूपात, पुढ्यात आलं होतं. सहाही चाकं धड असती तर तो चर पडलाच नसता.

2009 च्या मे महिन्यात त्याच पठाराच्या कडेला मऊ वाळूत स्पिरिट रुतला. प्रयोगशाळेत तशी माती कालवून, दुसरा रोव्हर तिच्यात रुतवून महिनोन्‌महिने उपाय शोधले. हिवाळा आला तरी तो निघाला नाही, कलता करता आला नाही. 22 मार्च 2010 ला त्याचा शेवटचा संदेश आला. तो अजून तिथेच उभा आहे, आणि त्याच्या मागे, थोड्या अंतरावर, तो पांढरा चर आहे.